जुळवून घेण्याचे व्याकरण

चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांत एका ठरावीक घाटाचे वाक्य पुन्हा पुन्हा भेटते. मुलगा पहिल्यांदाच घर सोडून दूरच्या शहरातल्या विद्यापीठात आलेला असतो. वसतिगृहाची खोली नवी, हवा नवी, जेवणाची चवही नवी. तो लिहितो : 'आय कान्ट अडॅप्ट द न्यू लाइफ.' त्याला म्हणायचे असते, या नव्या आयुष्याशी मला जुळवून घेता येत नाही. शिक्षक 'अडॅप्ट'च्या पुढे खूण करून वर 'टू' लिहितात आणि पुढची वही उघडतात.

चूक दिसते एवढीशीच. पण 'टू' गळालेले ते वाक्य निरर्थक नाही. त्याला अर्थ आहे, आणि तो भलताच आहे : हे नवे आयुष्य मला माझ्या सोयीने बदलून घेता येत नाही. बदलायचे कोणी, मी की परिस्थितीने, हेच उलटे होऊन बसले. मराठी वाचकाला हा फरक कळायला एक प्रत्यय पुरे आहे. 'वेळ जुळवून घेतली' म्हटले की वेळ हलते. 'वेळेशी जुळवून घेतले' म्हटले की माणूस हलतो. आपल्याकडे जे काम 'शी' करतो ते इंग्रजीत 'टू' करतो. मँडरिन चिनीत या जागी असा कोणी सहसा लागत नाही, आणि प्रश्नाची सुरुवात तिथे होते.

दुसरी भाषा माणूस कशी शिकतो, तिच्यात चुकतो तो का, आणि ती चूक सुधारावी की सोडून द्यावी, यावर गेली साठ-सत्तर वर्षे अभ्यासकांत चर्चा चालू आहे. ती काही या एका क्रियापदावर झालेली नाही. पण हे क्रियापद हातात धरून त्या चर्चेतून चालत गेले, तर कोण काय म्हणतो आणि कुणाचे म्हणणे कुठे अडते हे चांगले दिसते. हा आढावा त्या वाटेने जातो.

क्रियापदाच्या चौकटी

'अडॅप्ट'चे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'आप्तारे' म्हणजे बसवणे, जोडणे. त्याला दिशा दाखवणारा 'आद' हा उपसर्ग लागला. एक वस्तू दुसरीला नीट बसेल अशी करणे, हा पहिला अर्थ. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात हे क्रियापद सकर्मक म्हणूनच नोंदले आहे. कोणीतरी, कशाला तरी, कशाच्या तरी मापाचे करतो, असा तिघांचा तो व्यवहार होता. बसवायची वस्तू जेव्हा आपण स्वतःच असतो, तेव्हा कर्माच्या जागी 'स्वतःला' येते. पुढे तेही गळाले आणि उरले नुसते 'अडॅप्ट टू'. म्हणजे ज्या रूपाने आज चिनी विद्यार्थ्याला छळले आहे, ते या क्रियापदाचे अंग झिजून तयार झालेले रूप आहे.

आज त्याच्या चार चौकटी वापरात आहेत. त्यांसाठी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण सोयीचे आहे. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, 'के दिह्वा' या नावाने तिथल्या लोकांचे झाले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. उत्तर चीनमधल्या जगण्याशी त्यांनी जुळवून घेतले, हे 'अडॅप्टेड टू'. इथे बदलला तो माणूस. आघाडीवरच्या रुग्णालयात एखादा शल्यवैद्य आपली पद्धत हाताशी असलेल्या साधनांप्रमाणे बदलतो, तेव्हा 'अडॅप्ट' आणि 'टू' यांच्यामध्ये 'पद्धत' हे कर्म येऊन बसते. बदलते ती पद्धत. तेच वैद्यकाचे पुस्तक नवशिक्या परिचारकांसाठी सोपे करून लिहिले, तर 'अडॅप्टेड फॉर'. आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये कोटणीसांवरचा चित्रपट केला, तो 'अडॅप्टेड फ्रॉम'.

चारही चौकटींत शब्दयोगी अव्ययाचे काम नेमके आहे. 'टू'च्या पुढे येते ते जागचे न हलणारे : परिस्थिती, हवामान, साधनांची मर्यादा. 'टू' नेमका त्या स्थिर वस्तूकडे बोट दाखवतो. म्हणून तो गळाला की स्थिर वस्तूच हलवायची वस्तू बनते.

क्रियापद एकटे शिकवू नये, त्याच्या चौकटीसकट शिकवावे, हा विचार जुना आहे आणि तो पूर्व आशियातल्या वर्गांतून वर आला, हे सांगण्यासारखे आहे. हॅरल्ड पामर आणि त्यांच्यामागून ए. एस. हॉर्नबी हे दोघे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. हॉर्नबींनी सहकाऱ्यांबरोबर केलेला, क्रियापदांचे साचे देणारा कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला. तोच पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश झाला. जॉन सिंक्लेअर यांच्या बर्मिंगहॅममधल्या गटाने संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या इंग्रजीवरून १९८७ मध्ये 'कोबिल्ड' कोश काढला आणि १९९६ मध्ये क्रियापदांच्या साच्यांचे स्वतंत्र पुस्तक. म्हणजे साधने तयार आहेत. ती वर्गापर्यंत कितपत पोहोचली, हा मुद्दा पुढे येईलच.

चिनीतला जोडीदार

इंग्रजी-चिनी शब्दसूचीत 'अडॅप्ट'समोर सहसा दोन शब्द असतात : 'शीयिंग' आणि 'गाइब्येन'. पहिला जुळवून घेण्याचा, दुसरा साहित्यकृतीच्या रूपांतराचा.

'शीयिंग'मधल्या 'शी' या अक्षराला चीनच्या आधुनिक इतिहासात मोठी जागा आहे. हक्सलीच्या उत्क्रांती आणि नीतीवरच्या ग्रंथाचा येन फू यांनी केलेला चिनी अनुवाद १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जो जगाला साजेसा तोच टिकतो, ही कल्पना शाळकरी मुलांच्याही तोंडी गेली. एका मुलाला त्याच्या भावाने त्या घोषवाक्यातले 'शी' हे अक्षर उपनाव म्हणून सुचवले. १९१० मध्ये अमेरिकेत शिकायला जाण्याच्या परीक्षेला तो त्याच नावाने बसला. बोलभाषेत लिहा म्हणून चिनी साहित्याला वळण लावणारे हू शी ते हेच. साजेसे असण्याची निकड एका पिढीने नावातच धारण केली होती.

व्याकरणाकडे पाहिले तर 'शीयिंग' थेट कर्म घेते. नवे वातावरण, नवे आयुष्य, इथली हवा, काहीही त्याच्यामागे सरळ येते, मध्ये काही लागत नाही. वाक्याचा कर्ताच बदलतो, हे क्रियापदाच्या अर्थातच पक्के बसवलेले आहे, त्यामुळे गोंधळ होण्याचे कारणच उरत नाही. चिनीत संबंध दाखवणारे शब्द या क्रियापदाला कधी लागतच नाहीत असे नव्हे. औपचारिक लिखाणात आणि 'च्या बाबतीत' अशा अर्थाच्या रचनेत ते येतात. पण रोजचा साचा थेट कर्माचाच.

दुसऱ्या चौकटीत कथा उलटी होते. 'पाठ्यपुस्तक मुलांच्या गरजेप्रमाणे बदलून घेतले' हे इंग्रजी 'अडॅप्ट' एकट्याच्या जिवावर सांगते. 'शीयिंग'ला ते झेपत नाही. आधी 'असे करायला लावणे' या अर्थाचा वेगळा शब्द आणावा लागतो. त्यातून विद्यार्थ्याच्या लेखणीत येते : 'मेक द टेक्स्टबुक अडॅप्ट टू द स्टुडंट्स', म्हणजे पुस्तकाला मुलांशी जुळवून घ्यायला लावा. व्याकरणाने यात काही चुकले नाही, पण इंग्रजी कानाला पुस्तक जिवंत असल्यासारखे वाटते. चिनी भाषकांना अशी 'घडवून आणणारी' इंग्रजी क्रियापदे का अडतात, यावर अ‍ॅलन जफ्स यांचे १९९६ चे पुस्तक आहे.

आणि 'गाइब्येन'? तिथे सगळे सुरळीत. मो यान यांच्या कादंबरीवरून झांग यिमोऊ यांनी 'रेड सोरघम' हा चित्रपट केला. बर्लिनच्या महोत्सवात १९८८ मध्ये त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. हे चिनीत सांगताना 'गाइब्येन'ला चिकटून 'पासून' या अर्थाचे 'त्झ' येते आणि मग कादंबरीचे नाव. 'अडॅप्टेड फ्रॉम'चा क्रम हुबेहूब हाच. एकाच इंग्रजी क्रियापदाची एक बाजू चिनीशी चपखल बसते आणि दुसरी घसरते, म्हणूनच हे उदाहरण अभ्यासाच्या दृष्टीने इतके कामाचे आहे.

जुळवून घेण्याच्या अनुभवाला मात्र चिनीत शब्दांची ददात नाही. परमुलखात प्रकृती बिघडली की ते म्हणतात पाणी-माती मानवली नाही. आपण म्हणतो हवापाणी मानवले नाही. गावात शिरलास तर तिथली रीत पाळ, ही त्यांची म्हण आणि देश तसा वेश ही आपली. विद्यार्थ्याला काय सांगायचे आहे ते त्याला पक्के ठाऊक असते. अडतो तो फक्त चौकटीपाशी.

चुकीकडे पाहण्याच्या नजरा

१९५७ मध्ये रॉबर्ट लाडो यांनी मांडले की शिकणारा आपल्या भाषेच्या सवयी नव्या भाषेत नेतो. दोन भाषा शेजारी ठेवून तुलना केली की अडचणी आधीच सांगता येतील. आपल्या वाक्याला हे तंतोतंत लागू पडते. 'शीयिंग'ला थेट कर्म, म्हणून 'अडॅप्ट'लाही.

दहा वर्षांनी पिट कॉर्डर यांनी चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या मनात चाललेल्या घडणीचा पुरावा आहे, असे म्हटले. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या घडणीला 'आंतरभाषा' असे नाव दिले : मातृभाषा नव्हे, इंग्रजीही नव्हे, मधलीच पण स्वतःचे नियम असलेली. ती घडवणाऱ्या गोष्टींत मातृभाषेच्या ओढीबरोबर त्यांनी शिकवणीचाही हात मोजला.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. हायडी ड्यूले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये चिनी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची तुलना केली. इंग्रजीचे अकरा व्याकरणिक घटक दोन्ही गट जवळपास एकाच क्रमाने शिकत होते. भाषा इतक्या वेगळ्या असून क्रम एक, तर मातृभाषेला एवढे महत्त्व कशाला, असा त्यातून निघालेला सूर. पण हे घटक प्रत्ययांसारखे सर्वसामान्य होते. एकेका क्रियापदाने कोणती सोबत मागावी हा त्यांचा विषय नव्हता, त्यामुळे आपल्या वाक्यावर या निष्कर्षाने फारसा फरक पडत नाही.

त्याच वर्षी जॅकलिन शॅक्टर यांनी चुका मोजणाऱ्यांना सावध केले. चिनी आणि जपानी विद्यार्थी संबंधी उपवाक्यांत कमी चुका करतात असे दिसले, तेव्हा ती रचना त्यांना येते असा समज झाला असता. प्रत्यक्षात ते ती रचना टाळत होते. हा मुद्दा 'अडॅप्ट'बाबत जपून ठेवावा लागतो, कारण 'गेट यूज्ड टू' हा बरा आडोसा शेजारीच असतो.

या सगळ्यात मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण नान जियांग यांचे आहे. २००० साली त्यांनी मांडले की प्रौढ विद्यार्थी नव्या भाषेचा शब्द शिकतो तेव्हा बाहेरचे रूप तेवढे नवे घेतो. आत अर्थ आणि वाक्यात वागण्याची रीत मातृभाषेतल्या शब्दाचीच राहते. घरावर पाटी 'अडॅप्ट'ची, आत राहणारा 'शीयिंग'. पुष्कळ शब्द आयुष्यभर याच टप्प्यावर थांबतात, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे 'टू' लागतो हे माहीत असलेला, रिकाम्या जागेत तो अचूक भरणारा विद्यार्थी निबंधाच्या ओघात तो का विसरतो, याचा उलगडा होतो. परीक्षेत तो पाटी वाचतो. लिहिताना आतला माणूस बोलतो.

मातृभाषा, शिकवणी की कान

आज कोणी एकच कारण सांगत नाही. तरी भर कशावर द्यायचा यावर मतभेद आहेत.

एक गट शिकवणीकडे बोट दाखवतो. १९७७ मध्ये चीनमध्ये महाविद्यालय प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली. १९८७ पासून महाविद्यालयीन इंग्रजीची चौथ्या पातळीची परीक्षा आली. २००१ मध्ये प्राथमिक तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण ठरले. या मोठ्या यंत्रणेत शब्द पाठ होतात ते सूचीतून, वर्णानुक्रमे, एकेका चिनी प्रतिशब्दाबरोबर. 'अडॅप्ट', 'अडेप्ट', 'अडॉप्ट' थोड्याथोड्या अंतराने भेटतात आणि एकमेकांत मिसळतात. जोडीला 'अडॅप्ट वनसेल्फ टू' हा ठेवणीतला साचा घोटून घेतला जातो, त्यामुळे साध्या वाक्यातही 'मायसेल्फ' डोकावत राहतो. तो चूक नाही, पण पत्रिकेतल्या मजकुरासारखा ताठ वाटतो.

'आय वॉज अडॅप्टेड टू द न्यू लाइफ' या तिसऱ्या प्रकारच्या वाक्यावर तर दोन खुलासे समोरासमोर आहेत. शिकवणीकडे पाहणारे म्हणतील, 'बी यूज्ड टू' आणि 'बी अकस्टम्ड टू' शेजारी शिकवले, म्हणून 'अडॅप्ट'लाही तोच वेश चढला. क्रियापदांच्या अर्थरचनेचे अभ्यासक वेगळे सांगतील. पॅट्रिशिया बाल्कम यांनी १९९७ मध्ये चिनी भाषकांच्या लिखाणात 'हॅपन' यासारख्या क्रियापदांना विनाकारण कर्मणी रूप लागते हे दाखवले. कर्ता स्वतः काही करत नाही, त्याला काही होते, असे जाणवले की हे रूप येते. २००० मध्ये मिन क्योंग जू यांनी यात भर घातली की बदल घडवणारे बाहेरचे कारण संदर्भातून डोळ्यांपुढे आले की अशी चूक वाढते. नव्या गावाने मला बदलले, असे वाटत असेल, तर कर्मणी रूप हाताला येणारच. दोन्ही खुलासे आपापल्या जागी ठीक आहेत आणि एक वाक्य पाहून निवड करता येत नाही.

तिसरा गट कानाकडे वळतो, आणि मला वाटते या बाजूकडे वर्गात सर्वांत कमी लक्ष जाते. 'अडॅप्ट टू' सावकाश नव्हे, बोलण्याच्या वेगात म्हणून पाहा. पहिल्या शब्दाच्या शेवटचा 'ट' दुसऱ्याच्या पहिल्या 'ट'मध्ये मिसळून जातो आणि 'टू'चा स्वर जेमतेम श्वासाएवढा उरतो. ऐकणाऱ्याला 'टू' ऐकूच येत नाही. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी अनुनासिके आणि जिभेला वळवणारा 'र', एवढीच व्यंजने येऊ शकतात, त्यामुळे 'प्ट' हे जोडाक्षरच आधी तोंडातून निसटते. 'अ‍ॅ' आणि 'ए' यांतला फरकही मँडरिन भाषकाला धरायला अवघड. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी 'अ‍ॅ' आणि 'ऑ'ची चिन्हे लिपीत घेतली, म्हणून आपल्याला 'अडॅप्ट', 'अडेप्ट' आणि 'अडॉप्ट' निदान लिहून तरी वेगळे दाखवता येतात. निक एलिस यांचे म्हणणे असे की ऐकू न येणारी आणि अर्थाला फार हातभार न लावणारी खूण शिकणाऱ्याचे लक्ष वेधत नाही. पहिल्या भाषेने लावलेली लक्ष देण्याची सवय तिला आडवी येते.

याला एक बारकाई जोडली पाहिजे. 'चिनी भाषक' हा एकजिनसी गट नाही. कँटनीजमध्ये अक्षराच्या शेवटी 'प', 'ट', 'क' येतात, मिननानमध्येही. हाँगकाँगच्या किंवा तैवानच्या विद्यार्थ्याचा कान बेइजिंगच्या विद्यार्थ्यासारखा नसतो.

चूक म्हणायचे का

वेगळ्याच बाजूने येणारा एक प्रश्न आहे. इंग्रजी आता कुणा एकाची राहिलेली नाही, तर 'टू' गळाला म्हणून लाल शाई का वापरावी?

काश्मीरमध्ये जन्मलेल्या ब्रज कचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. भारत मधल्या वर्तुळात, जिथे इंग्रजीचे स्वतःचे वळण तयार झाले. चीन बाहेरच्या, जिथे नियम बाहेरून येतात. भारतात 'अ‍ॅडजस्ट'चे काय झाले ते आपण रोज ऐकतो. लोकलच्या बाकावर 'जरा अ‍ॅडजस्ट करा' म्हणताना कशाशी, कशाला, काहीच सांगावे लागत नाही. 'शी'मुळे आपल्याकडे 'अडॅप्ट विथ' असेही बोलले जाते. चीनमध्ये को च्वानक्वेइ यांनी १९८० मध्येच 'चायना इंग्लिश' आणि मोडकी 'चिंग्लिश' वेगळी काढली. पण त्यांची उदाहरणे चार मेच्या चळवळीसारख्या, चिनी जीवनातून इंग्रजीत आलेल्या शब्दांची होती. क्रियापदाच्या सोबतीला त्यात सूट नव्हती. नंतरच्या अभ्यासकांनी ही कल्पना वाक्यरचनेपर्यंत आणि बोलण्याच्या रीतीपर्यंत नेली.

बार्बरा झाइडलहोफर यांनी २००४ मध्ये मातृभाषा वेगवेगळ्या असलेल्या लोकांच्या आपसातल्या इंग्रजीत कोणत्या 'चुका' समजुतीत अडथळा आणत नाहीत त्यांची नोंद केली. त्यात अनावश्यक शब्दयोगी अव्यय घालणे आहे, 'स्टडी अबाउट'सारखे. आपल्या वाक्यात घडते ते याच्या उलट, आवश्यक ते गळणे. 'अडॅप्ट द न्यू लाइफ' ऐकणाऱ्याला संदर्भावरून अर्थ लागतो हे खरे. पण 'वी मस्ट अडॅप्ट द न्यू रूल्स' असे करारात किंवा कार्यालयीन पत्रात आले, तर नियम पाळायचे आहेत की बदलायचे, हे वाचणाऱ्याला ठरवता येणार नाही. त्यात 'अडॉप्ट'च्या जागी 'अडॅप्ट' पडले असण्याचीही शक्यता असते, म्हणजे तिसरा अर्थ, नियम स्वीकारणे. सहिष्णुतेची बाजू मला मनापासून मान्य आहे. या एका क्रियापदापाशी मात्र ती पुरी पडत नाही.

वर्गात काय करायचे

दुरुस्त करून काही साधते का, यावरच मोठा वाद आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी लिखाणातली व्याकरणदुरुस्ती निरुपयोगी, प्रसंगी अपायकारक असते, ती बंद करावी, असे मांडले. ते तैवानच्या विद्यापीठात शिकवत होते, म्हणजे त्यांच्यासमोर हेच विद्यार्थी होते. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये उत्तर दिले : दुरुस्ती निवडक, स्पष्ट आणि सुधारण्याजोग्या चुकांची असेल तर लाभ होतो, आणि विद्यार्थ्यांना ती हवी असते. पुढच्या अभ्यासांचा कल फेरिस यांच्या बाजूने आहे, पण एकेका ठळक नियमापुरता. 'टू' या कसोटीत बसतो का? तो ठळक नियम नाही, एका शब्दाची खोड आहे.

म्हणून काही जण दुरुस्तीऐवजी पुरावा समोर ठेवतात. टिम जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी संगणकावर 'अडॅप्ट' असलेल्या खऱ्या ओळी एकाखाली एक पाहतो आणि साचा स्वतः शोधतो. पन्नास ओळींत शब्द मधोमध, उजवीकडे काय येते ते नजर घसरवत वाचत जायचे : टू, टू, इट टू, देअर मेथड्स टू, फ्रॉम, फॉर. डोळ्यांना ती रांग दिसली की कानाला न ऐकू आलेला 'टू' तिथे उभा असतो.

चीनमधलेच एक उत्तर क्वांगतोंगमधल्या वांग छूमिंग यांचे आहे. अर्धी इंग्रजी गोष्ट वाचायला द्यायची आणि पुढची विद्यार्थ्याने लिहायची. वाचलेल्या मजकुराचे वळण लिखाणात उतरते. वांग मिन यांच्याबरोबर २०१५ मध्ये त्यांनी दाखवले की पुढे न्यायची गोष्ट इंग्रजीत दिली तेव्हा, चिनीत दिली त्यापेक्षा, चुका कमी झाल्या. ही कृती २०१६ पासून झेजियांगच्या प्रवेश परीक्षेत आली आणि तिथून पसरली. क्वांगतोंगमधून निघालेल्या विचाराने परीक्षेचा चेहरा बदलला, हे थोडे नव्हे. पण गोष्टीत 'अडॅप्ट टू' आले नसेल तर विद्यार्थ्याला ते कुठून मिळणार, ही त्याची मर्यादा.

मातृभाषेचा आधार उघडपणे घ्यावा, असे म्हणणारेही आहेत. 'शीयिंग'मध्ये बदलणारा आधीच ठरलेला आहे, 'अडॅप्ट'मध्ये तो 'टू' ठरवतो, एवढे चिनीतूनच सांगितले तर पाच मिनिटांत कळते. नुसता प्रतिशब्द देऊन मातृभाषेला आत शिरू द्यायचे आणि तुलना करताना तिला बाहेर ठेवायचे, यापेक्षा हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

उलगडा बाकी

मातृभाषेच्या रचनेचा वाटा किती आणि प्रतिशब्दाचा किती, हे वेगळे काढण्याचा एक नामी मार्ग उपलब्ध आहे. 'शीयिंग' ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात त्याच अक्षरांचा शब्द जपानीत आणि कोरियनमध्ये आहे. अर्थ तोच. पण जपानीत त्याच्या आधी 'नि' हा प्रत्यय येतो, कोरियनमध्ये 'ए'. दोघांनाही 'टू'सारखे काहीतरी सवयीचे आहे, चिनी भाषकाला नाही. सिल्व्हियान ग्रांजे यांच्या पुढाकाराने बेल्जियममधून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-भाषासंग्रहाच्या २००९ च्या आवृत्तीत चिनी आणि जपानी असे दोन्ही विद्यार्थी आहेत. एकाच परीक्षाछापाच्या शिक्षणातून आलेल्या या शेजाऱ्यांचे 'अडॅप्ट' शेजारी ठेवले, तर लाडोंचे म्हणणे आणि शिकवणीचे म्हणणे यांची परीक्षा एका क्रियापदावर होऊ शकते.

दुसरी गाठ 'टू'मध्येच आहे. 'अडॅप्ट टू लिव्हिंग अलोन' बरोबर, 'अडॅप्ट टू लिव्ह अलोन' चूक, असे शिक्षक सांगतात. इथे 'टू' शब्दयोगी आहे, त्यापुढे नाम लागते. पण जीवशास्त्राच्या पुस्तकात 'अडॅप्टेड टू लिव्ह इन वॉटर' असे सर्रास आढळते आणि तेही बरोबर आहे, कारण तिथला 'टू' हेतू दाखवतो. दोन 'टू' दिसायला एकच. शिक्षकाने सांगितलेला नियम पाठ केलेला विद्यार्थी विज्ञानाच्या धड्यात त्याच्या उलट वाचतो. या दोहोंची सीमा कोणत्या इयत्तेत आणि कशी दाखवायची, यावर पाठ्यपुस्तकांत एकवाक्यता नाही.

आणि मोजणीचा प्रश्न. क्वेइ शृछुन आणि यांग ह्वेइझोंग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिनी विद्यार्थ्यांच्या संग्रहात माध्यमिक शाळेपासून इंग्रजीच्या पदवीवर्गापर्यंत पाच पातळ्यांचे सुमारे दहा लाख शब्द आहेत, आणि चुकांना प्रकारवार खुणा केलेल्या आहेत. तिथे गळालेला 'टू' सापडतो, जास्तीचा 'मायसेल्फ' सापडतो, नको तिथले कर्मणी रूप सापडते. वसतिगृहातल्या त्या मुलाने 'अडॅप्ट'पाशी क्षणभर थांबून, खात्री नाही म्हणून ते खोडून 'इट इज व्हेरी डिफिकल्ट फॉर मी' असे लिहिले असेल, तर त्या वाक्याला कोणतीच खूण लागत नाही. ते व्याकरणाने बिनचूक आहे.